उंटकटाऱ्याची मावशी

‘येथे लघवी करू नये’ ही पाटी मुंबईत भिंतीभिंतीवर असते. पण ‘येथे पाणी घालू नये’ अशी पाटी मी आयुष्यात एकाच घरावर बघितली. अंधेरीच्या गावठाणात, आमच्या घरमालकिणीच्या गच्चीवर. तांबड्या रंगाने, स्वतःच्या हाताने लिहिलेली, आणि ‘नये’च्या खाली दोनदा रेघ ओढलेली. घर बघायला गेलो त्या दिवशीच नवरा हळूच मला म्हणाला, “बाई जरा सटकलेली दिसते, आपण दुसरीकडे बघू.” पण खोली हवेशीर होती, शिवाय मेट्रो जवळ. आम्ही राहिलो.

मी तिला पहिल्या दिवशी ‘तुम्ही’ म्हटलं. ती म्हणाली, “तुम्ही-तुम्ही काय करतेस गो? मी एकटीच राहते इथे.” तेव्हापासून मावशी आणि तू.

मावशी गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातली. तिच्या लहानपणी घराच्या मागे भातशेती होती म्हणे. आता तिथे टॉवर उभा राहत होता. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, एक भाऊ वसईला. भाऊ फोनवर आला की दोघं आपल्या बोलीत इतकं भराभर बोलायची की मला त्यातलं फक्त ‘मना नको’ एवढंच कळायचं. ते मात्र दर वाक्याला यायचं. मना नको, मना नको. भावाने काय काय देऊ केलं असेल आयुष्यभर, देव जाणे.

तिच्या घरी पाहुणा आला की ती आधी विचारायची, “पूर्ण पिणार की अर्धं?” म्हणजे पाणी. अर्धं म्हणालात तर अर्धंच मिळायचं. पूर्ण म्हणून अर्धं टाकलंत तर संपलंच! एकदा मागच्या टॉवरच्या कामाला आलेल्या एका बिल्डरच्या माणसाने दोन घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. मावशी समोर बसून राहिली. तो कागद दाखवतोय, ही ग्लासकडे बघतेय. शेवटी त्याने घाबरून एका दमात ग्लास रिकामा केला, तेव्हा म्हणाली, “हां, आता बोल.”

स्वतः मात्र ती कुणाकडे पाणी प्यायची नाही. कुणी पुढे केलं की हात मागे. नवीन माणसाला ते फार लागायचं. आमच्या मजल्यावरची एक बाई तर म्हणाली होती, “आमच्या हातचं चालत नाही वाटतं त्यांना!” मला खरी गोष्ट कळली ती तिला रिक्षा मिळत नव्हती म्हणून मी सोबत गेले त्या दिवशी. मावशीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ती डायलिसिसला, तिच्या भाषेत ‘मशीनवर’, जायची. एकटी, पर्समध्ये स्वेटर आणि जपमाळ घेऊन. दिवसाला तिला पाणी मोजूनमापून. चहा त्यातच, सार त्यातच, गोळी गिळायचा घोटही त्यातच. मे महिन्यात बर्फाचा खडा गालात धरून बसायची आणि म्हणायची, “चर्चच्या दारात बोट बुडवते ना पवित्र पाण्यात, तेवढंच एक पाणी मला डॉक्टरला न विचारता मिळतं.” आणि वर हसायची! मी तर घरी येऊन आधी घटाघटा पाणी प्यायले.

आता मी कशी आहे तेही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी जन्माची घाबरट. गॅस बंद केला का बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी. नवऱ्याचा फोन लागला नाही तर मनात त्याचा अपघात, हॉस्पिटल आणि तेरावा एवढं सगळं उरकून घेणारी. अशा बाईच्या गळ्यात देवाने उंटकटारा बांधावा, याला काय म्हणायचं!

उंटकटारा म्हणजे वाळवंटातलं रानफूल. कच्छ-राजस्थानच्या रेताड जमिनीवर आपोआप उगवतं. पानाला काटे, देठाला काटे, आणि फूल म्हणजे काट्यांचाच गोल चेंडू, त्यात फिकट जांभळी झाक. उंट आवडीने खातात, म्हणून हे नाव. हे रानटी प्रकरण अंधेरीत आलं ते भांडणातून. गावठाणाच्या कोपऱ्यावर एक कच्छी दाणेवाला होता. त्याच्याकडून आणलेली बाजरी निवडताना मावशीच्या बोटात सणकून काटा गेला. निघाला तो वाळलेला काटेरी चेंडू. ही तशीच उठून दुकानात. “हे काय विकतोस रे? बाजरी की सुया?” दाणेवाला ते बघून म्हणे एकदम विरघळला. “अरे माजी, ये तो हमारे गाँव का ऊंटकटारा! इधर नहीं उगेगा कभी.”

“नहीं उगेगा म्हणाला ना,” मावशी मला सांगायची, “मग मी उगवलंच!”

पहिली दोन वर्षं उगवलं आणि सडलं. कारण ती त्याला पाणी घालत होती. तेव्हा तिच्या किडन्या ठणठणीत होत्या, आणि माठाला जसं तसं झाडाला, असा हात सढळ होता. मग तिने लोकांचं ऐकणं सोडून झाडाकडे बघणं सुरू केलं. पाडलेल्या घराच्या विटांचे तुकडे आणले, जाडी रेती आणली, मातीची कुंडी घेतली आणि त्यात माती नावापुरती टाकली. पावसाळा पुरता सरला की बी टाकायचं. कुंडीला टिचकी मारायची. टण्ण वाजली की कोरडी, बद्द वाजली की ओली. टण्ण वाजली तरी लगेच पाणी नाही, आणखी काही दिवस थांबायचं. कळी धरली की मग पाणी बंदच. “पाणी मिळालं ना, की त्याला वाटतं आपल्याला खूप दिवस आहेत,” ती सांगायची. “मग पानंच काढत बसतं, बी धरत नाही. आणि चेंडूत पाणी गेलं की बुरशी. खलास.” हे झाड एका वर्षाचं. बी धरलं तर पुढचं वर्ष, नाहीतर वंश संपला.

पुढे स्वतःचंच पाणी मोजायची पाळी आली, तेव्हा तिने बाकीची गच्चीही तसलीच करून टाकली. निवडुंग, कोरफड, शेराचं झुडूप. सगळी बाग एका बादलीत आठवडा काढायची. “एका पथ्यावर आहोत आम्ही सगळी,” म्हणायची. “स्वयंपाक सोपा पडतो.”

पण मुंबईत कोरडं राहणं ही काय खायची गोष्ट आहे? सगळा गाव पाणी घालायला टपलेला! पाइप दुरुस्त करायला आलेला प्लंबर जाताजाता उरलेली बाटली कुंडीत ओतायचा. वर पुण्य केल्यासारखा हसायचा. शेजारच्या टॉवरचा स्लॅब पडला की रोज त्यावर पाइपने पाणी मारायचे, आणि वारा आला की तुषार आमच्या गच्चीवर. मावशी खालून दहाव्या मजल्याला ओरडायची, “ए भैया, उधर मार ना! इधर मेरा रेगिस्तान है!” ते बिचारे वरून हात हलवायचे. त्यांना वाटायचं म्हातारी राम राम करतेय.

तर त्या वर्षी मावशीजवळ बी नव्हतंच फारसं. पुडीला बुरशी लागली होती. जे टाकलं त्यातलं एकच रोप आलं. दाणेवाला दुकान मुलाला देऊन कच्छला गेलेला, आणि मुलाने तिथे मोबाईलची कव्हरं विकायला घेतलेली. म्हणजे आहे ते हेच. कळ्या धरल्या, आणि मावशीच्या हातातली ती मशीन लावायची नस बंद पडली. ताप आला, पाय सुजले, हॉस्पिटलात ठेवून घेतलं. जाताना रिक्षात अर्धी बसून तिने माझं मनगट धरलं.

“काही करायचं नाही. कळलं? नुसतं बघायचं. बी धरेपर्यंत एक थेंब नाही.”

“मावशी, मरायला लागलं तर?”

“तरी नाही.”

“अगं पण...”

“शपथ घे.”

घेतली शपथ. काय करणार? एखादं काम सांगितलं असतं तर मी दिवसरात्र केलं असतं. पण काही न करणं! माझ्यासारखीला! रोज सकाळी दात घासायच्या आधी गच्चीवर. टण्ण. संध्याकाळी चपला न काढता गच्चीवर. टण्ण. ऑफिसात घाटकोपरला बसून आभाळ बघायची. जरा ढग दिसला की मोबाईलवर पावसाचा अंदाज. आणि अशा वेळी, माझं नशीब बघा, मालवणहून सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे मायेचा पूर. त्यांच्या परसात नारळ, फणस, केळी, आणि विहीर हाताला लागेल इतकी भरलेली. त्या गच्चीवर वाळवणाला म्हणून गेल्या आणि धावत खाली आल्या. “अगो, वरती ता झाड तानेन मरतासा! तेका वायच पाणी घाल गो. माका बघवणा नाय.”

“आई, घालायचं नाही. मावशीची शपथ आहे.”

“शपथ? झाडाक पाणी न घालूची? ह्या खयचा शास्त्र?”

मी समजावलं. त्यांनी मान हलवली. पण त्या मान हलवण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. ऑफिसातून दर तासाला फोन. “आई, जेवलात? गोळी घेतलीत? पाणी नाही ना घातलं?” शेवटी त्या चिडल्या. “हात पण लावूक नाय मी! तुझ्या त्या काट्यांपेक्षा माझी काळजी कर मगे!” बरोबरच होतं त्यांचं. पण मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

चेंडू फुलला. जांभळी झाक आली, खरंच आली. मी व्हिडिओ काढून हॉस्पिटलात नेला. मावशीने मोबाईल नाकाशी धरून पाहिला. खूश झाली, पण बोलायची खोड जाते का? “भजीएवढं आलंय,” म्हणाली. “काटे कुठे दिसतात यात?” आणि फोन मात्र परत देईना.

मग पानं पिवळी पडायला लागली. खालून एकेक गळायला लागलं. देठ वाकला. माझी झोप उडाली. हे बी धरतंय की मरतंय? पाणी घातलं तर शपथ मोडते आणि कदाचित सडतं. नाही घातलं तर मीच उपाशी मारते. कुणाला विचारणार? मावशीलाच विचारलं. ती उशीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, ओठ फुटलेले.

“बी धरताना असंच दिसतं,” ती म्हणाली. “मरताना पण असंच दिसतं. शेवटपर्यंत कळत नाही गो.”

मी घरी येईपर्यंत रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा फोन. मागे रिक्षाचा खडखडाट. “अगो, मी तुझ्या मावशीक बघूक जातंय. आजारी माणसाकडे रिकाम्या हातान कसा जाऊचा? बरा मोठा शहाळा घेतलंय.”

माझ्या हातातून पेन पडलं. शहाळं! आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे शहाळं न्यायचं, त्याला काही विचारायचीसुद्धा पद्धत नाही. आणि किडनी गेलेल्या माणसाला शहाळं म्हणजे विष. त्यातल्या क्षारांनी हृदय बंद पडू शकतं. हे मला नर्सने सांगितलं होतं, मावशीला पाठ होतं, सासूबाईंना कुणी सांगितलं होतं? “आई, देऊ नका! ऐका...” फोन कट. परत लावला, लागेना. मावशीचा फोन बंद. वॉर्डचा नंबर कुणी उचलेना.

मी साहेबांना काहीतरी बरळले आणि सुटले. मेट्रोत उभी राहून मी देवाला काय काय कबूल केलं असेल! डोळ्यांसमोर एकच. मावशीचे ते फुटलेले ओठ, किती महिन्यांची तहान, आणि समोर सासूबाई स्ट्रॉ धरून, “घे गो बाये, घे.” कोण नाही म्हणेल? मी तरी म्हटलं असतं का?

वॉर्डात शिरले तर टेबलावर शहाळं. तोंड उघडलेलं, स्ट्रॉ आत. मी उचलून बघितलं. रिकामं! मावशी डोळे मिटून पडलेली, सासूबाई बाजूला स्टुलावर. मी तिचा खांदा धरून हलवला.

“मावशी! प्यायलीस?”

मावशीने एक डोळा उघडला. “मी कशाला पिऊ? तुझ्या सासूला पाजलं. एवढ्या उन्हातून आली बिचारी, घामाघूम झाली होती.”

सासूबाईंचा चेहरा पडलेला होता. “माका काय म्हायत गो,” त्या पुटपुटल्या. “तिना माका सगळा सांगल्यान. माका पिऊक लावल्यान आणि माझ्याकडे बघत रवली. अख्खा संपवपर्यंत.”

“छान होतं ना?” मावशीने विचारलं. “मलई होती?”

“होती,” सासूबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

त्या दिवसापासून सासूबाई बदलल्या. गच्चीवर स्टूल टाकून, डोक्याला टॉवेल बांधून, हातात काठी घेऊन त्या उंटकटाऱ्याच्या राखणीला बसू लागल्या. कावळा आला की काठी. टॉवरवरून पाइप सुटला की मालवणीत अशा काही शिव्या, की दहाव्या मजल्यावरचे भैया खरोखरच पाइप दुसरीकडे वळवायला लागले. मावशीला ते कधी जमलं नव्हतं. मी ऑफिसातून फोन केला की आता त्याच आधी सांगायच्या, “थेंब पडूक नाय. काळजी करू नको.” आणि मी करतच राहायची. झाड आता पुरतं वाळलं होतं, तपकिरी, कागदासारखं कुरकुरीत. आत बी आहे का रिकामंच आहे, बघायची मला हिंमत होईना.

मावशीच्या हाताची नस परत सुरू झाली नाही. मानेतून नळी घातली, तर मावशीला परत ताप आला. हृदयही दमलं होतं. मशीनवर घेतलं की रक्तदाब खाली जायचा, अर्ध्यात थांबवायला लागायचं. एके दिवशी ती स्वतःच डॉक्टरांना म्हणाली, “मना नको आता.” भावाला वसईहून बोलावलं. तो आणि मी बाहेर उभे होतो. डॉक्टर फार हळू आवाजात बोलले. “घरी न्या. मशीन बंद. पथ्य बंद. आता पाण्याचं बंधन नाही. मागतील ते द्या, हवं तेवढं द्या.”

आत येऊन मी मावशीजवळ उभ्या असलेल्या सासूबाईंना एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी पाणी द्यायला सांगितलंय. त्यांचा चेहरा फुलला. “बघ! बरा झाला मां! माका वाटलाच होता!” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मावशीच्या भावाकडे पाहिलं, आणि त्या हळूच खाली बसल्या.

घरी आणल्यावर मावशीने आधी माठातलं पाणी मागितलं. मोठा पितळी पेला भरून. भावाने चमचा आणला तर त्याच्यावर खेकसली. दोन्ही हातांनी पेला धरून, मधे मधे थांबून, ती ते सगळं पाणी प्यायली. हनुवटीवरून थोडं ओघळलं. “झकास,” म्हणाली. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला ते बघवत नव्हतं.

मग तिने विचारलं, “बी?”

मी गच्चीवरून वाळलेले चेंडू ताटलीत घालून आणले.  तिने एक चेंडू बोटांत धरून दाबला, काटा टोचला तेव्हा हसली. मग तळहातावर चुरला आणि फुंकर मारली. फुंकर कसली, नुसता श्वासच. काटे बाजूला झाले आणि खाली केसाळ, टपोरं बी राहिलं. नखाने एक दाबून बघितलं.

“भरलंय,” ती म्हणाली. “सगळं भरलंय गो.”

मी तिथेच जमिनीवर बसले. किती आठवड्यांत पहिल्यांदा माझा जीव जागेवर आला, आणि त्याच क्षणी गेला पण.

“झाड उपटलंस?”

“नाही. उभं आहे अजून. वाळलंय.”

“त्याला पाणी घाल.”

मला वाटलं तिला भ्रम झाला. भावाने माझ्याकडे पाहिलं. “मावशी,” मी म्हटलं, “उंटकटाऱ्याला? पाणी?”

“बी झालं ना?” ती माझ्यावर वैतागली, पूर्वीसारखी. “मग आता काय बिघडणार आहे त्याचं? घाल जा.”

मी तांब्या भरून गच्चीवर गेले. सासूबाई स्टुलावर होत्याच. तांब्या बघून त्यांनी काठी आडवी धरली. “अगो, काय करतंस? इतके दिवस राखलंय मी!”

“मावशीने सांगितलंय.”

त्या उठल्या. काठी बाजूला ठेवली, स्टूल सरकवलं आणि मला जागा करून दिली. मी पाणी ओतलं. वाळलेल्या कुंडीने ते क्षणात ओढून घेतलं, वर काहीच राहिलं नाही.

खाली आले तर मावशीचे डोळे मिटलेले होते. मी पायाजवळ बसले.

“घातलंस?”

“घातलं.”

“किती?”

“तांब्याभर.”

“अजून घाल,” ती म्हणाली.